फावडं नंतर, आखीव पत्रिका आधी: नागपुरातली जुनी बावडी किंवा पंपघर वाचवताना कामाचा क्रम

दरवर्षी पाडव्याच्या आसपास फोन सुरू होतात. "आमच्या वस्तीत जुनी बावडी आहे, पोरं तयार आहेत, रविवारी गाळ काढायला घेऊन राहिलो, तुम्ही या." मी एकच विचारतो, ती कोणाची आहे? पलीकडे जरा थांबतात. मग उत्तर येतं, "कोणाची म्हणजे? सरकारचीच असंन जी."

बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. हेतू चांगला असतो, अंगमेहनतीला कोणी मागे हटत नाही, पण क्रम उलटा असतो. आधी गाळ, मग चुन्याच्या नावाखाली सिमेंट, मग रंग, मग पेपरात फोटो आणि सगळ्यात शेवटी कागद, म्हणजे आखीव पत्रिका (शहरातल्या जमिनीच्या मालकीचा उतारा) वगैरे. पुढे रस्ता रुंद करायला जेसीबी येतो तेव्हा हातात दाखवायला स्वच्छता मोहिमेचे फोटोच उरतात.

खाली दिलेला क्रम पायऱ्यांची बावडी, मोटेची विहीर, हौद, दगडी टाकी, तलावाचा सांडवा, कवेलूंचं (कौलारू) पंपघर, व्हॉल्व्हची खोली या सगळ्यांना लागू आहे. बांधकाम कोणत्या राजवटीतलं, कोणी बांधलं, हे इथे नाही. तो शोध जरूर घ्या, पण त्याने भिंत उभी राहत नाही.

## आधी वर्षाचा हिशेब मांडा

एका उन्हाळ्यात काम उरकायचा आग्रह सोडा. नागपूरचं हवामान ते होऊ देत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, त्या उन्हात चुना नीट मुरायच्या आत कोरडा पडतो. जूनच्या मध्याला पाऊस लागतो आणि अर्धवट उघडी भिंत तशीच पाण्यात सापडते.

जमणारं वेळापत्रक असं आहे. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत कागदपत्रं. दिवाळीनंतर मोजमाप आणि फोटो, कारण तेव्हा पावसाळ्यातलं गवत वाळतं आणि दगड दिसतात. फेब्रुवारी ते एप्रिल उपसा आणि गाळ. मेच्या मध्यापर्यंत उरलेले तात्पुरते आधार आणि पंपघर असेल तर छपराचे कवेलू. मग एक अख्खा पावसाळा फक्त बघायचं. दरजांचं (दगडांमधल्या सांध्यांचं) खरं काम पुढच्या दिवाळीनंतर, फेब्रुवारी संपेपर्यंत. म्हणजे दीड वर्ष. ज्यांना हे फार वाटतं त्यांनी निदान खाली दिलेल्यांपैकी पहिले चार टप्पे करावेत. तेवढ्यानेही बांधकाम पडण्यापासून नसलं तरी पाडलं जाण्यापासून बरंच सुरक्षित होतं.

## टप्पा १: पहिली फेरी, हात न लावता

दोघं-तिघं जा. सोबत टेप, वही, विजेरी आणि दोरीला बांधलेलं वजन. झाडू-फावडी घरी ठेवा.

बघायचं ते हे. भिंत बाहेर फुगली आहे का? फट वरून खाली सरळ जाते की दरजांच्या पायऱ्यापायऱ्यांनी? पायऱ्यांचे दगड एका बाजूला कलले आहेत का? पाणी कुठून येतं? वास कसा आहे? शेजारी गडर लाईन (सांडपाण्याची नळी) किती फुटांवर? वरून ट्रक जातात का? काठावर नवा बोअर मारलाय का?

दगडही ओळखून ठेवा. शहराच्या पश्चिमेला काळा बसाल्ट, पूर्वेकडे नाइस, उत्तरेला कामठीकडचा वाळूखडक, असा आपल्या पायाखालचा नकाशा आहे. जुन्या बांधकामात हे दगड मिसळलेलेही सापडतात. बसाल्टला तारेचा ब्रश सोसतो, वाळूखडकाचा मात्र थरच निघून येतो. पुढे दुरुस्तीत दगड बदलायची वेळ आली तर तोच दगड शोधावा लागतो, म्हणून आत्ताच लिहून ठेवायचं.

शेजारच्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. "काहून फोटो काढून राहिले जी?" असा प्रश्न येईल, त्याचं सरळ उत्तर द्या. पाणी कधी वापरात होतं, कोणत्या वर्षी आटलं, मलबा कोणी आणून टाकला, आत कोणी बुडालं होतं का, हे कोणत्याही दफ्तरात मिळत नाही.

सावधान: बंद विहिरीत, टाकीत किंवा व्हॉल्व्ह चेंबरमध्ये उतरू नका. कुजलेल्या गाळावर विषारी वायू साठतो, प्राणवायू कमी असतो. मेणबत्ती लावून बघायची जुनी पद्धत पुरेशी नाही. ज्योत जळत असली तरी हायड्रोजन सल्फाइड माणसाला बेशुद्ध करू शकतो. आधी पडला त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात, असंच बहुतेक वेळा होतं.

सावधान: पंपघरात जुनी क्लोरीनची सिलिंडरं दिसली तर मागे फिरा आणि महापालिकेच्या जलप्रदाय विभागाला व अग्निशमन दलाला कळवा. कोणताही व्हॉल्व्ह फिरवू नका. मेलेली वाटणारी पाइपलाइन कधीकधी चालू असते आणि एका चाकावर अख्ख्या वस्तीचं पाणी अवलंबून असतं.

## टप्पा २: मालक शोधा

सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी टप्पा. नागपुरात एकाच बावडीची जमीन नझूलची (शहरातली सरकारी जमीन), देखभाल महापालिकेकडे, शेजारचा रस्ता नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) लेआउटमधला आणि काठावरचं देऊळ एखाद्या ट्रस्टचं, असं सहज असू शकतं. पाणीपुरवठ्याच्या जुन्या बांधकामात महापालिकेचा जलप्रदाय विभाग आणि प्रत्यक्ष पुरवठा बघणारी ऑरेंज सिटी वॉटर कंपनी, दोघांना विचारावं लागतं. शिवाय रेल्वे, संरक्षण खातं, कृषी महाविद्यालय, जलसंपदा आणि सार्वजनिक बांधकाम विभाग यांच्या जमिनी शहरभर पसरल्या आहेत.

कागद या क्रमाने काढा:

१. नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका आणि मोजणी नकाशा. जागा जुन्या गावठाणाबाहेर असेल तर मौजा (महसुली गाव) आणि खसरा (भूमापन) क्रमांक घेऊन सातबारा.

२. विकास आराखड्याचा भाग नकाशा. जागेवर रस्ता, पार्किंग, शाळा असं काही आरक्षण आहे का ते यात कळतं. धोका इथूनच येतो.

३. शहरात आलेल्या जुन्या मालगुजारी गावांसाठी निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. हे बहुतेकांना सुचतच नाही. गावकऱ्यांचा कोणत्या विहिरीवर, तलावावर, वाटेवर कसला वहिवाटीचा हक्क होता ते यात नोंदलेलं असू शकतं. खाजगी मालक "माझ्या वावरातली विहीर आहे, मी बुजवीन" म्हणतो तेव्हा अशा नोंदीला वजन येतं.

४. महापालिकेच्या मालमत्ता नोंदवहीतली नोंद.

५. हेरिटेज यादीत नाव आहे का, आणि असल्यास कोणत्या श्रेणीत.

सरळ अर्जाने मिळालं नाही तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. माहिती ३० दिवसांत मिळाली पाहिजे. नाही मिळाली किंवा अर्धवट मिळाली तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यावर २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं अपील.

अर्जात "आपण या ऐतिहासिक वास्तूकडे दुर्लक्ष का करता?" असं लिहाल तर उत्तर येईल, "प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही." कागद मागा, असे:

> मौजा ____, नगर भूमापन क्र. ____ येथील जुन्या पंपघराबाबत : (१) मालमत्ता नोंदवहीतील नोंदीची प्रत. (२) या जागेवरील आरक्षण दर्शवणाऱ्या विकास आराखड्याच्या भागाची प्रत. (३) मागील पाच वर्षांत निर्लेखन, पाडकाम किंवा भंगार लिलावासंबंधी झालेल्या प्रस्तावांच्या व आदेशांच्या प्रती. (४) संबंधित नस्ती (फाइल) अवलोकनास मिळावी.

'निर्लेखन' (निकामी ठरवून नोंदीतून काढून टाकणं) हा शब्द लक्षात ठेवा. जुने पंप, व्हॉल्व्ह, बिडाचे (ओतीव लोखंडाचे) पाइप आणि शेवटी इमारतसुद्धा आधी कागदावर निर्लेखित होते, मग भंगारात जाते. पाडकामाची बातमी पेपरात येते तोवर हे झालेलं असतं. आमच्या ओळखीतल्या एका पंपघराची यंत्रसामग्री अशीच गेली. आम्ही बाहेर फलक घेऊन उभे होतो आणि लिलाव दोन महिन्यांपूर्वी होऊन गेला होता.

तपासा: जमीन कोणाची, बांधकाम कोणाचं, वापराचा हक्क कोणाचा आणि आरक्षण कशाचं, या चारही प्रश्नांपुढे कागदाचा क्रमांक लिहिता येतोय का? नसेल तर पुढे जाऊ नका. बिनपरवानगी आत शिरून गाळ काढलात तर तक्रार तुमच्यावरच होऊ शकते.

## टप्पा ३: आहे तसं नोंदवा

स्वच्छता करण्याआधी नोंद. हे उलटं केलं की पुरावा धुऊन जातो. पायरीवरची चुन्याची मूळ गिलाव्याची पट्टी, मोटेच्या दोरीने दगडाला पडलेल्या खाचा, थारोळ्यातून (मोटेचं पाणी पडतं तो हौद) निघणारा पाट, बिडाच्या पाइपवर ओतलेलं कारखान्याचं नाव, या गोष्टी उत्साही हातांनी आधी जातात.

प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो घ्या, फोटोत एक मीटरची पट्टी हवी. फोटोंना क्रमांक द्या आणि तोच क्रमांक साध्या आराखड्यावर बाणासह टाका. मोजमापासाठी वास्तुशास्त्राचे विद्यार्थी मिळाले तर उत्तम. शहरात व्हीएनआयटीसह वास्तुशास्त्र शिकवणाऱ्या संस्था आहेत आणि अशी मोजणी हा विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचाच भाग असतो. सत्र सुरू होण्याआधी प्राध्यापकांना भेटा, परीक्षेच्या तोंडावर नको. वारसा जपणाऱ्या इंटॅक संस्थेची नागपूर शाखाही आहे, जाणकारांची नावं तिथे मिळू शकतात.

भेगांवर काचपट्ट्या लावा. पातळ काचेची बोटभर रुंद पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहायची. काच तडकली तर भेग हलते आहे. पावसाळ्याआधी लावलेली पट्टी दिवाळीपर्यंत शाबूत राहिली तर ती भेग जुनी आणि थांबलेली समजायला हरकत नाही. काळ्या मातीवर उभ्या बांधकामात हे फार महत्त्वाचं आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेग दरवर्षी उघड-मीट करते. अशी भेग सिमेंटने बुजवली तर पुढच्या वर्षी शेजारी दुसरी पडते.

पाण्याची पातळी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दगडावरून मोजा. पाण्याचा नमुना तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा हे काम करतात. नायट्रेट आणि कोलिफॉर्म (मैल्यातले जिवाणू) दोन्ही चढे आले तर बहुधा शेजारची गडर लाईन झिरपते आहे. मग तुमचं पहिलं दुरुस्तीकाम विहिरीत नसून रस्त्यावर आहे. ते आधी झालं नाही तर बाकी सगळा खर्च सांडपाण्यात.

## टप्पा ४: पाडकाम कागदावर थांबवा

अजून नोटीस नसेल तर हेरिटेज यादीत नाव घालण्याचा प्रस्ताव द्या. प्रस्ताव महापालिका आयुक्त आणि हेरिटेज संवर्धन समिती यांच्या नावे, नगररचना विभागात. सोबत आखीव पत्रिका, मोजमापाचे नकाशे, क्रमांक घातलेले फोटो आणि दोन पानांचं टिपण. वीस पानांचा इतिहास जोडू नका. वाचणाऱ्याला बांधकाम कशामुळे वेगळं आहे, किती शाबूत आहे आणि धोका कशाचा आहे, एवढंच हवं असतं. नाव घालताना मालकाच्या व लोकांच्या हरकती-सूचना मागवतात. त्या मुदतीत वस्तीतल्या लोकांची पाठिंब्याची पत्रं जायला हवीत. मालकाचा विरोध अशा वेळी हमखास येतो, म्हणून त्याला आधीच भेटा. यादीत नाव आलं म्हणजे मालकी जात नाही, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

बांधकाम खरोखर असामान्य असेल तर राज्य पुरातत्त्व संचालनालयाकडे १९६० च्या महाराष्ट्र प्राचीन स्मारके कायद्याखाली संरक्षणाची मागणी करता येते. त्यात प्राथमिक अधिसूचना, हरकती, अंतिम अधिसूचना असा लांबचा प्रवास आहे. शेजारी केंद्र संरक्षित स्मारक आहे का तेही बघा. त्याच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम अडतं, नियंत्रित क्षेत्रात त्याला परवानगी लागते.

नोटीस लागली असेल तर त्याच दिवशी तिचा फोटो घ्या. कलम, तारीख, सही, मुदत लिहून घ्या. महापालिकेची धोकादायक बांधकामाची नोटीस बहुधा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खालची असते. तिला "हा आमचा वारसा आहे" हे उत्तर होत नाही. नोटीस धोक्याबद्दल आहे, उत्तरही धोक्याबद्दलच हवं: संरचना अभियंत्याचा पाहणी अहवाल, कोणता भाग खरंच धोकादायक आहे, तो आधार देऊन आणि कुंपण घालून किती दिवसांत सुरक्षित करता येईल, खर्च कोण करणार. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शिपायाच्या हातात दिलेलं पत्र दिलं नाही असं समजा.

रस्ता रुंदीकरण असेल तर "वाचवा" म्हणून भागत नाही. रस्ता कुठून न्यायचा ते दाखवा. मोजणी नकाशावर पर्यायी आखणी काढून द्या, किती फूट सरकते, किती घरं नव्याने बाधित होतात, हे प्रामाणिकपणे लिहा. बावडी वाहतूक बेटात ठेवता येते का, पंपघर फूटपाथच्या आत घेता येतं का, हेही. आराखड्यात बदल लागणार असेल तर तो प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल म्हणून जातो आणि त्याला वेळ लागतो. अर्ज लवकर हवा.

जेसीबी दारात आलाच तर कार्यादेशाची प्रत मागा, चित्रण करा, पोलिसांशी शांतपणे बोला. हाणामारी झाली की विषय बावडीचा राहत नाही, तुमचा होतो. उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ शहरातच आहे, पण तिथे वकिलाला भाषण नको असतं. आखीव पत्रिका, नोटीस, उत्तरांच्या पोचा, नकाशे आणि अभियंत्याचं पत्र एका फाइलमध्ये असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी काहीतरी हलतं.

तपासा: पाडकाम नेहमी जेसीबीनेच होत नाही. रात्री मलब्याचे ट्रक रिकामे होणं, तोंडावर स्लॅब टाकून वर बोअरचा पंप बसवणं, बाजूने गडर सोडून देणं, हेही पाडकामच. काठावर रोज नजर टाकणारं एक घर ठरवून ठेवा.

## टप्पा ५: पाणी आणि गाळ

इथे मी स्वतः चुकलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

एका बावडीत आम्ही दोन मोठे पंप लावले आणि दीड दिवसात तळ गाठला. टाळ्या झाल्या. तिसऱ्या रात्री उत्तरेकडची भिंत पोटातून सुटली आणि सहा पायऱ्या घेऊन खाली बसली. कोणी आत नव्हतं, हे नशीब. कारण साधं होतं. भिंतीमागची मातीही पाण्याने भरलेली असते. आतलं पाणी तिला उलटा रेटा देऊन तोलत असतं. आतलं पाणी झटकन काढलं की मागचं तेवढ्या वेगाने उतरत नाही आणि सगळा दाब भिंतीवर येतो. आधीच दरजा पोकळ झालेल्या भिंतीला तो पेलत नाही.

म्हणून उपसा सावकाश. दिवसाला साधारण एक फूट, फार तर हातभर. रात्री थांबायचं आणि सकाळी पाणी किती चढलं ते मोजायचं. भिंतीच्या दरजांतून पाण्याच्या धारा लागल्या, माती वाहून येऊ लागली किंवा काचपट्टी तडकली तर उपसा तिथेच थांबवा आणि अभियंत्याला बोलवा. फुगलेल्या भिंतीला आधीच लाकडी बल्ल्यांचा किंवा लोखंडी आधार लावलेला असावा.

पेट्रोल-डिझेलचा पंप विहिरीच्या आत उतरवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत कोंडून राहतो. पंप वर आणि पाइप खाली, किंवा पाणबुडी मोटर. विजेला अर्थ लिकेज ब्रेकर हवाच. माणूस उतरण्याआधी ब्लोअर चालवून हवा बदला, वायूमापक यंत्राने तपासा, कमरेला पट्टा आणि दोरी, वर निदान दोन माणसं. हे सगळं भाड्याने मिळतं. परवडत नसेल तर गाळ राहू द्या.

गाळ फूटभर थराने काढा आणि प्रत्येक थर चाळा. नाणी, भांडी, मूर्तीचे तुकडे, मोटेचं लोखंड निघू शकतं. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. मूर्ती निघाली की लगेच शेंदूर लावून काठावर बसवायचा मोह होतो. तसं केलंत तर महिन्याभरात टिनाचं छप्पर येतं, वर्षभरात पक्का ओटा आणि तुमची बावडी कोणाच्या तरी ताब्यात. आधी पुरातत्त्व कार्यालयाला कळवा.

तळ मूळ फरशीपर्यंत किंवा मूळ खडकापर्यंतच. त्याखाली खोदलं तर भिंतीचा पाया उघडा पडतो. "पाणी वाढेल" म्हणून तळात बोअर मारायची सूचना कोणीतरी करतोच. ऐकू नका.

## टप्पा ६: झाडं

पिंपळ, वड, उंबर दरजांतून उगवलेले असतात. ओढून काढू नका, मुळासोबत दगडांची अख्खी रांग येते. कोवळी रोपं ओल्या दिवसांत हाताने निघतात. मनगटाएवढं खोड असेल तर टप्प्याटप्प्याने छाटायचं, बुंध्याला भोकं पाडून जाणकाराच्या सल्ल्याने औषध भरायचं, मूळ मरून सुकलं की मग दगड सैल करून काढायचं आणि त्याच दिवशी पोकळी चुन्याने भरायची. विहिरीत पाणी असेल तर औषध वापरूच नका. शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा.

तलावाच्या मातीच्या बांधावरची झाडं हा वेगळा प्रकार आहे. तिथे मोठं मूळ कुजलं की पाण्याला बोगदा मिळतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हापासून धरणाचा बांध आणि सांडवा हा शोभेचा विषय नाही हे नागपूरकरांना सांगावं लागत नाही. चालू धरणाच्या बांधाला हौशी गटांनी हात लावू नये. तुमचं काम फोटो, नोंदी आणि लेखी पाठपुरावा.

## टप्पा ७: चुना, सिमेंट नव्हे

अंदाजपत्रक करणारा अभियंता शासकीय दरसूचीतून बाबी उचलतो आणि त्याच्या हाताशी पहिली येते ती सिमेंटची. म्हणून भांडण काम सुरू झाल्यावर न करता अंदाजपत्रकाच्या वेळीच करा. चुन्याच्या कामाचं वेगळं दर-विश्लेषण जोडायला लावा. निविदेत 'चुना-सुरखीच्या दरजा' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ठेकेदाराला दोष देता येत नाही.

सिमेंट नको, कारण ते दगडापेक्षा कडक आणि पाणी अडवणारं असतं. भिंतीतली ओल दरजेतून बाहेर पडायची ती दगडातून पडायला लागते, सोबत क्षार आणते आणि दगडाचा तोंडचा थर सुटतो. वाळूखडकात हे दोन-तीन पावसाळ्यांतच दिसतं.

चुना ताजा भिजवलेला नको. कळीचा चुना भिजवून, पाण्याखाली झाकून किमान काही आठवडे मुरू द्या, जास्त मुरला तर आणखी चांगला. सुरुवातीला एक भाग चुना, एक भाग सुरखी आणि एक ते दोन भाग धुतलेली वाळू अशा दोन-तीन मिश्रणांच्या पट्ट्या एका कोपऱ्यात भरून महिनाभर बघा. सुरखी म्हणजे नीट भाजलेल्या विटेची भुकटी. पाण्याजवळच्या कामाला तिनेच पकड येते. गूळ, बेलफळ, उडीद घालायच्या पाककृती प्रत्येकाकडे असतात. मी त्यांच्या विरोधात नाही, पण आधी चुना नीट मुरवा, मग गुळाचं बोलू.

दरजा रुंदीच्या दुप्पट खोल मोकळ्या करा, छिन्नी-हातोडीने. ग्राइंडरने दगडाच्या कडा जातात. धूळ काढा, भिजवा, चुना दोन थरांत दाबून भरा. वर ओलं गोणपाट, निदान दहा-पंधरा दिवस. रविवारी कोणी पाणी मारायला येत नाही आणि सोमवारी बारीक भेगा दिसतात, हे ठरलेलं. पाणी मारणाऱ्याचं नाव वहीत लिहा.

सावधान: चुना भिजवताना तो उकळतो. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. लहान पोरांना लांब ठेवा.

## टप्पा ८: पंपघर, लोखंड आणि काँक्रीटच्या टाक्या

पंपघरात आधी छप्पर. फुटलेले कवेलू बदला, सागवानी वाशांची टोकं टोचून बघा, पन्हळी मोकळ्या करा. कवेलूंच्या जागी टिनपत्रा टाकला की आतली उष्णता आणि वाऱ्याची ओढ दोन्ही बदलतात.

यंत्रांवर क्रमांक टाका, नावाच्या पट्ट्यांचे फोटो घ्या आणि पितळी भाग कुलपात ठेवा, ते सगळ्यात आधी चोरीला जातात. गंजलेलं चाक जोर लावून फिरवू नका. बीड वाकत नाही, फुटतं. जुन्या गास्केटमध्ये आणि ग्लँडच्या दोरीत ॲस्बेस्टॉस असू शकतो, कोरडं खरवडू नका.

उंच काँक्रीटच्या टाकीला वरचे नियम पुरत नाहीत. तिथे सळई किती गंजली ते तपासणं हेच काम, आणि ते प्रयोगशाळेकडूनच. "भरून बघू, गळते का" हा प्रयोग कधीही करू नका.

## टप्पा ९: सोपवणं

काम संपल्यावर तोंडावर काँक्रीटचा स्लॅब नको, उचलता येणारी लोखंडी जाळी हवी. जाळीचं वजन जुन्या कठड्यावर न टाकता बाहेर स्वतंत्र खांबांवर घ्या. कुलपाच्या दोन किल्ल्या, एक मालक विभागाकडे, एक वस्तीत. मालक विभागाशी देखभालीचं लेखी पत्र करा: पाण्याचा वापर कशाला, वीजबिल कोणाचं, गणपती-दुर्गेचं विसर्जन इथे होणार नाही याची पाटी कोण लावणार. पाणी पिण्याचं म्हणून जाहीर करू नका. बाग, बांधकाम, टँकर एवढा वापर पुरेसा आहे. वापरात नसलेली विहीर दोन वर्षांत पुन्हा कचराकुंडी होते.

नोंदवही काठावरच्या त्या एका घरात ठेवा. त्यात दर आठवड्याची पातळी, काचपट्ट्यांची स्थिती, नवं रोप दिसलं तर जागा आणि तारीख. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी जा. नव्या दरजांतून चुन्याचं पांढरं पाणी ओघळलंय का, पायऱ्यांवर माती आलीय का आणि रस्त्यावरचं पाणी आत वळतंय का, एवढं बघा आणि लिहा. पाणी वळत असेल तर काठाला वीतभर उंच दगडी आडवण त्याच आठवड्यात घाला, दिवाळीची वाट बघू नका.